दक्षिणेला गेलेलं दूध

आमच्या घरात अव्वा, म्हणजे माझी आई, आणि अक्का एकमेकींशी बोलत नसत. भांडण होतं असंही नाही; भांडायला तरी बोलावं लागतं. एकाच चुलीपुढं दोघी बसायच्या. अव्वा भाकरी थापायची, अक्का ती तव्यावर पलटून निखाऱ्याशी उभी करायची, एकीचा हात दुसरीच्या हाताला लागायचा, आणि तरी शब्द म्हणून जायचा नाही. जे काय असेल ते माझ्यामार्फत. अक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण, माझी आत्या. तिचा नवरा लग्नानंतर लवकरच वारला आणि ती राजेश्वरला, आमच्या गावी, भावाकडं परत आली ती कायमची. अप्पा तिला अक्का म्हणत, म्हणून अव्वाही अक्काच म्हणायची आणि मीही. घरात मी एकटीच लेकरू, त्यामुळं निरोप्याची नोकरी माझ्याकडं आपोआप आली.

"रेवे, तुझ्या अव्वाला सांग, वरणात मीठ लई झालंय," अक्का म्हणायची. अव्वा तिच्यापासून हातभर अंतरावर बसलेली असायची. मी इमानदारीनं तोंड फिरवून सांगायची, "अव्वा, वरणात मीठ लई झालंय." अव्वा भाकरीवरची नजर न काढता म्हणायची, "ऐकलंय मी, बहिरी न्हाई. सांग त्यांना, मीठ त्यांनीच टाकलंय." मग मी पुन्हा इकडं तोंड करायची. कधी कधी माझा घास हातातच राहायचा. अप्पा ताटावर मान खाली घालून जेवायचे आणि मिशीत हसायचे. बाहेरचं कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, या घरातल्या बायांना वेड लागलंय. आम्हाला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

अबोल्याचं कारण मी होते, म्हणजे माझी थंडी. मी अगदी लहान असताना एका हिवाळ्यात मला खोकल्यानं धरलं. अव्वा उमरग्याला माहेरी गेलेली, तिच्या वडलांना बरं नव्हतं म्हणून. मला तिनं अक्काजवळ ठेवलं होतं. अक्काचा हात वाकळ शिवण्यात असा चालायचा की गावातल्या निम्म्या घरांतल्या वाकळा तिच्याच. घरात चिंध्या संपल्या होत्या, पोर रात्रभर खोकायली, म्हणून तिनं घरातल्या मोठ्या ट्रंकेच्या तळाला घडी करून ठेवलेलं एक हिरवं इरकली लुगडं काढलं. ते विरायला लागलंच होतं. ते कापून तिनं माझ्यासाठी वाकळ शिवली. ते लुगडं अव्वाचं लग्नातलं होतं. अव्वा परत आली, वाकळीवर हात फिरवला आणि म्हणाली, "मला विचारलं का?" अक्का म्हणाली, "लेकराला थंडी वाजायली व्हती. त्यात काय विचारायचं?" ते दोघींचं शेवटचं बोलणं. त्या वाकळीत मी वाढले. एक बाजू अव्वा खोचायची, दुसरी अक्का, आणि दोघींच्या मधे मी ऊबदार झोपायची.

अप्पा वीज खात्यात वायरमन होते. त्यांची बदली झाली ती एकदम शिमोग्याच्या पलीकडं, सागरच्या बाजूला. आमच्यासाठी ते म्हणजे जगाचं दुसरं टोक. गल्लीत जो तो येऊन सांगून जायचा. तिकडं म्हणे पाऊस थांबतच नाही, भिंतीला शेवाळ चढतं, ज्वारी बघायलासुद्धा मिळत नाही, तिन्ही त्रिकाळ भात खातात. अव्वा ते ऐकून ज्वारीच्या कणगीकडं बघायची. तिचं सगळं कन्नड म्हणजे बाजारापुरतं, 'एष्टु' आणि 'बेडा', झालं. कितीला विचारायचं आणि नको म्हणायचं. अक्का मात्र दोन्ही भाषा सारख्याच तोऱ्यात बोलायची. मठातल्या स्वामींशी कन्नडात, पोस्टातल्या बाबूशी मराठीत आणि पाशाभाईशी त्यांच्या उर्दूत.

पाशाभाई म्हणजे ट्रकवाले. हमरस्त्यावर त्यांचा ट्रक उभा असायचा. सामान बघायला आले तेव्हा ते दारातच थबकले. "अरे बाप रे! इत्ते मटके कायकू अम्मा? उधर मटके नै मिलते क्या?" अव्वानं पदर सावरून मला सांगितलं, "त्यांना सांग, ही माझ्या सासूबाईंची उतरंड हाय." मी सांगायच्या आत अक्कानंच उर्दूत सुनावलं की मडकं फुटलं तर भाड्याचं बोलूच नका. ट्रक कधी लावायचा यावर तर दोघींनी मला एकाच सकाळी वेगवेगळं गाठून एकच निरोप अप्पांकडं पाठवला: येळवस झाल्याबिगर या घरातनं हलायचं न्हाई. येळवस म्हणजे वेळ अमावास्या, हिवाळ्यात रानात पूजा करून तिथंच जेवायचा आमचा सण. अप्पा हात जोडून म्हणाले, "बसवण्णाची किरपा! एवढ्या वर्षांत एका गोष्टीत दोघींचं जमलं." आणि ट्रक येळवसच्या दुसऱ्या दिवसाचा ठरला.

त्या वर्षी थंडी अशी पडली होती की खोबरेल तेलाची बाटली चुलीजवळ ठेवल्याशिवाय थेंब उतरत नव्हता. सकाळी विहिरीच्या पाण्यातून वाफा निघायच्या. ओठ फुटलेले, गालाला भेगा. अंगणात तुराट्यांची शेकोटी करायची, तिच्या भोवती पोती पसरायची आणि सामान बांधायचं. पितळेची भांडी अव्वा चिंचेनं घासून एकात एक बसवायची, मधे कडब्याचा भुसा भरायची. ती पोत्यात गेली की अक्का दाभण घेऊन पोत्याचं तोंड शिवायची. सुतळी ओढताना होणारा तो सर्रर्र आवाज आणि भांड्यांचा ठणठणाट, याच आवाजात त्या वेळचे सगळे दिवस गेले. शब्द न बोलता त्यांची कामाची वाटणी अशी व्हायची की बघत राहावं. फक्त एकदा अव्वाच्या हातनं उतरंडीवरचं सगळ्यात वरचं छोटं तांबडं गाडगं निसटलं आणि फुटलं. ते तिच्या सासूनं मीठ ठेवायला दिलेलं. अव्वा फरशीवर बसूनच राहिली. अक्का म्हणाली, "रेवे, सांग तुझ्या अव्वाला, जाऊ दे म्हणावं. माणूस तर धड हाय." मी ते सांगितलं नाही. गरजच नव्हती. अव्वा खापऱ्या गोळा करत होती आणि तिचे डोळे भरले होते.

परवा माझ्या लेकाचं घर कलबुर्गीहून पुण्याला हललं. तोही हिवाळाच. टोप्या घातलेली चार पोरं आली, चिकटपट्टी फाडफाड फाडत दुपारच्या आत सगळं घर खोक्यांत बसवलं. मिक्सरलासुद्धा फुग्यांच्या प्लास्टिकात असं गुंडाळलं, जणू बाळंतिणीचं लेकरू. मी खुर्चीत बसून बघत होते. सून चहा घेऊन आली आणि खाली बसून म्हणाली, "आई, तुम्ही येताय ना आमच्यासोबत? खरंच यायचंय का ते सांगा." मी तिच्याकडं बघतच राहिले. तिला वाटलं, सासूला जायचं नाही. तिला काय माहीत, माझ्या मनात कुठल्या अंगणातली कुठली ट्रंक आली होती ते.

तर ती ट्रंक. येळवसच्या दोन-तीन दिवस आधी अक्का मठात गेली होती. अव्वानं घरातलं जे जे उरलं ते बांधायला घेतलं, त्यात अक्काची ट्रंकही बांधली. चांगली आडवी-उभी सुंभानं करकचून बांधली आणि ओसरीत पोत्यांच्या ओळीत नेऊन ठेवली. अव्वाच्या मनात काही नव्हतं. सगळं घर चाललंय, मग अक्का कुठं जाणार? हे तिनं धरूनच चाललं होतं. अप्पांनी धरलं होतं, मीही धरलं होतं. अक्का आली. कपाळावरची विभूती अजून ओली होती. ट्रंकेसमोर उभी राहिली. मग खाली बसून तिनं सुंभाच्या सगळ्या गाठी सोडल्या, ट्रंक ओढत परत आपल्या कोपऱ्यात नेली आणि तिच्यावर बसली.

"रेवे, सांग तुझ्या अव्वाला. मी काय पोतं हाय का, बांधून टाकायला? जे न विचारता नेतेत ते सामान. माणसाला विचारतेत. मी येत न्हाई."

अव्वा आतून बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "सांग त्यांना, माझ्या लुगड्याला विचारलं व्हतं का?"

आगागागा! मी मधे उभी. हा निरोप मला कुणाकडंच न्यायचा नव्हता. पहिल्यांदाच मी म्हणाले, "मी न्हाई सांगणार, तुमचं तुमी बघा," आणि रडत परसात पळाले. मला सागर नको होतं, भात नको होता, काही नको होतं. अक्का नसेल तर वाकळीची दुसरी बाजू कोण खोचणार, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं.

अप्पा ड्युटीवरून आले तेव्हा त्यांनी विनवून बघितलं. "अक्का, असं कामून करायलीस? चल की गं. तुला सोडून मी जाईन व्हय?" अक्का त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "तू म्हणणारच, बाळा. तुझं म्हणणं वेगळं. चूल जिची हाय तिनं म्हणावं लागतंय. मी शेजारी शरणप्पाच्या घरच्यांसंगं ऱ्हाते, रान बघते, वाकळा शिवते. माझं काय आडलंय?" अव्वा भिंतीपलीकडं ऐकत होती. तिनं एकदा तोंड उघडलं असतं तर सगळं सुटलं असतं. पण इतकी वर्षं मिटलेलं तोंड असं कसं उघडणार? तिची जीभच त्या वाटेनं जात नव्हती. शेवटी अक्काच म्हणाली, "बरं, येळवसला दूध कुठल्या दिशेला जातंय बघू. दक्षिणेला गेलं तर येते. उत्तरेला गेलं तर माझं नाव काढू नका."

आमच्याकडं येळवसला रानात दूध उतू घालतात. ते ज्या अंगाला सांडतं त्या अंगाला पाऊसपाणी चांगलं, असं धरतात. आमच्या घरात ते दूध बघायचा मान अक्काचा. ती सांगेल ते खरं. सागर दक्षिणेला. म्हणजे आता पावसाचं नव्हे, अक्काचंच भवितव्य त्या गाडग्यात उकळणार होतं.

येळवसच्या दिवशी उजाडायच्या आत घर आंबिलीच्या आंबट वासानं भरलं होतं. ज्वारीचं पीठ, ताक, वरून लसूण-जिऱ्याची फोडणी. अव्वानं हरभरा, वाटाणा, तूर, वांगी, मेथी, जे हिरवं मिळेल ते घालून भज्जी केली. बाजरीचे उंडे, आंबट भात, शेंगदाण्याच्या पोळ्या, धपाटे, गव्हाची खीर. आता मी फ्लॅटमधल्या गॅसवर तीच भज्जी करते, मटारसुद्धा सोललेले मिळतात, पण रानातल्या त्या चवीला हात लागत नाही. अप्पांनी घोंगडी पांघरून आंबिलीचा डेरा डोक्यावर घेतला, आम्ही टोपल्या घेऊन मागं. ज्वारी पोटऱ्यात आलेली, तिच्या पानावरचं दव पायाला असं झोंबायचं की पोटऱ्या बधिर व्हायच्या. कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात, चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले, पूजा झाली, 'ओलगे ओलगे' असा सणाचा पुकारा करत कोपीभोवती फिरलो. शेजारच्या रानातली माणसं जेवून गेली. सगळे पोट धरून हसत होते, आणि आम्ही चौघं मात्र दुधाच्या तांब्याकडंच बघत होतो.

मग दुधाची वेळ आली. तीन दगड मांडून अप्पांनी गोवऱ्या पेटवल्या आणि नवं गाडगं ठेवलं. मी जवळच होते. अक्काची पाठ वळलेली बघून त्यांनी गाडग्याच्या उत्तरेकडच्या अंगाला दगडाची एक बारीक चीप सारली. गाडगं जरासं दक्षिणेला कललं. माझ्याकडं बघून त्यांनी डोळा मारला. माझ्या जिवात जीव आला. मग अप्पा आणि अक्का पिकावर आंबील शिंपडायला बांधाकडं गेले. अव्वा विस्तवापाशी बसली होती. तिनं इकडंतिकडं बघितलं, ओच्यातून काहीतरी काढलं आणि गाडग्याखाली सारलं. मला वाटलं, विस्तव नीट करत असेल.

दूध वर यायला लागलं तसे सगळे भोवती उभे राहिलो. साय फुगली, कडेला आली. अक्का कमरेवर हात ठेवून बघत होती. अप्पा तोंडानं शिव शिव म्हणत होते. दूध उतू जायला आणि गाडगं हलायला एकच गाठ पडली. ते आधी डुगडुगलं आणि मग सगळंच्या सगळं दक्षिणेला कोलमडलं. दूध हरभऱ्यात गेलं, विस्तव चर्रर्र करून विझला, राख आमच्या तोंडावर उडाली. दूध उतू जाणं वेगळं आणि गाडगं पालथं होणं वेगळं. असं कधी झालं नव्हतं. अव्वानं तोंडावर हात ठेवला.

"वाऱ्यानं झालं आसंल," अप्पा पुटपुटले.

"वारा? झाडाचं पान हलंना, आन् वारा म्हणं!" अक्का खाली बसली. पदरानं धरून तिनं दगड बाजूला केले. राखेतून आधी दगडाची चीप निघाली. ती तिनं अप्पांच्या पायापाशी टाकली. "ही तुझी. लहानपणी गोट्या खेळताना बी आसंच करायचास." मग तिनं अजून उकरलं आणि एक तांबडं खापर वर काढलं. उलटंपालटं करून बघितलं. "आन् हे? हे खापर रानातलं न्हाई. हे मिठाच्या गाडग्याचं हाय. हे घरनं कुणी आणलं?"

अक्कानं माझ्याकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं. अव्वाकडं तिनं बघितलं नाही, सवयच नव्हती.

"अक्का, मी आणलं."

आवाज इतका बारीक होता की आधी मला वाटलं, दुसरंच कुणी बोललं. अव्वा राखेनं माखलेल्या तोंडानं उभी होती आणि सरळ अक्काकडं बघत होती. एकदा बांध फुटल्यावर मग तिला थांबता येईना. "घरनं येतानाच ओच्यात घालून आणलं. मला काय ठावं ह्यांनी बी घातलंय म्हणून? चला की हो अक्का. त्या मुलखात मी एकटी काय करू? मला भ्या वाटायलंय. माझं चुकलं, तुमची ट्रंक न विचारता बांधली. आता विचारायलेय. येता का?" आणि मग रडत रडतच म्हणाली, "न बोलायला तरी तुमी पायजे की तिथं. मी कुणासंगं अबोला धरू?"

अप्पांनी तोंड फिरवलं. मी अव्वाच्या पदराला धरून मोठ्यानं रडायला लागले, मला माझंच कळेना का ते. अक्का बराच वेळ खाली बसून ते खापर पदरानं पुसत राहिली. मग सवयीनं माझ्याकडं वळून म्हणाली, "रेवे, सांग तुझ्या..." आणि थांबली. तोंड अव्वाकडं वळवलं.

"शांते," ती म्हणाली, "लुगडं मी विचारायला पायजे व्हतं. माझंच चुकलं तवा." मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि हरभऱ्याकडं बोट केलं. "आन् आता उत्तरेला जायला दूध ऱ्हायलंय कुठं? सगळंच दक्षिणेला गेलं. चल, उद्या ट्रक यायचाय. माझ्या ट्रंकेला सुंभ नको लावू, सुतळी लाव. सुंभानं रंग जातोय."

दुसऱ्या दिवशी निघालो. अप्पा मागं सामानावर घोंगडी पांघरून बसले, आम्ही तिघी केबिनमधे पाशाभाईंच्या मागच्या फळीवर. फटीतून गार वारा आत घुसत होता. अक्कानं तीच हिरव्या लुगड्याची वाकळ काढली आणि तिघींच्या गुडघ्यांवर पसरली. एक बाजू अव्वानं खोचली, दुसरी अक्कानं. आणि मग ज्या बोलायला लागल्या त्या थांबल्याच नाहीत. कुणाच्या बाळंतपणात काय झालं होतं, वरणात मीठ खरं कुणी टाकलं होतं, लुगड्याचा काठ कुठल्या बाजूला शिवलाय. इतक्या वर्षांचं साठलेलं एकदमच बाहेर पडत होतं. एकीचं वाक्य दुसरी पुरं करायची आणि दोघी हसायच्या. पाशाभाई म्हणाले, "क्या अम्मा, कबसे नै मिले थे क्या तुम लोगां?" त्यावर आणखीच हसल्या.

मी मधे बसून आळीपाळीनं दोघींच्या तोंडाकडं बघत होते. मला आनंद झाला होता, खूप झाला होता. पण थोडं चुकल्यासारखंही वाटत होतं. माझ्याकडं कुणी बघेचना. बऱ्याच वेळानं मला भूक लागली. जुन्या सवयीनं मी अक्काकडं तोंड करून सुरू केलं, "अक्का, अव्वाला सांग, धपाटे..."

अव्वानं माझ्या मांडीवर हलकेच चापट मारली. "थांब गं रेवे, मधी मधी बोलू नको. आमी बोलायलोत."